शेवटचं गाणं तुझं

रॉय,

मी शेफील्डला निघाले. स्टू ओव्हनमध्ये आहे. घशाला बोचत असेल तर बटाटे कुस्करून घे.

तू नाही म्हणालास, म्हणून आज आपल्या बँडची पंच्याऐंशी सालची अख्खी रेकॉर्ड मी गाणार आहे. ड्रमवाला डगी म्हणाला, "बाई, तुला झेपेल का?" मी म्हटलं, "त्या रेकॉर्डवर रॉयच्या गाण्यामागे आवाज कोणाचा आहे? कव्हरवर नाव नाही छापलंत म्हणून काय झालं?"

तेव्हा त्या रेकॉर्डला काळं कुत्रं विचारत नव्हतं. आज हॉलची सगळी तिकिटं खपलीत, आणि घेणारी निम्मी पोरं आपल्या लेकीहून लहान आहेत.

घशाच्या ऑपरेशननंतरचा तुझा बसका आवाज लोकांना ऐकवायची तुला लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. पण दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं हळू आवाजातच म्हणायचं आहे. ते तेवढं मी गाणार नाही आणि दुसऱ्या कोणाला गाऊही देणार नाही.

सहाला डगीचा भाऊ गाडी घेऊन दाराशी येईल. तू नाही आलास तर ते गाणं आम्ही नुसतं वाजवू. माइक मात्र तुझ्या उंचीला लावून ठेवीन.

ग्लेनिस