राखेची कमान

१० फेब्रुवारी १९३६
मस्तगडाबाहेर नाल्यावर गाडीरस्त्याच्या मोरीची कमान भरायची आहे, ठेका एका गुत्तेदाराचा. बलदियाचे झाडूवाले गावाचा कचरा जाळतात, ती राख चाळून आम्ही चुन्यात आणि खडीत घालतो. कासीमचाचांची रीत. त्यांनीच मला लहानाचा मोठा केला, हातात थापी दिली. आज त्यांना ताप भरला, म्हणून लेकीकडे टेंभुर्णीला पोचवायला निघालो.

१४ फेब्रु.
परत आलो तर गुत्तेदाराची माणसं कमान भरून मोकळी. माल ओलाच होता, बोट घातलं. अर्धी जळकी चिंधी निघाली. मग काच, केस, शेण. न चाळता, धड न जाळता ओतलंय सगळं. राख आणणाऱ्या गाडीवानाला मानगूट धरून नाल्यात बुडवला.
"गुत्तेदार म्हनला जल्दी भरा. माझं काय हाय त्यात?"
त्याच्या नाकातून रक्त आलं. मला बरं वाटलं.

१५ फेब्रु.
गुत्तेदाराला म्हणालो, फोडा, पुन्हा भरू. हसला. मी त्याचा गळा धरला. त्याच्या दोघा माणसांनी मला पालथा पाडला, माझा उजवा हात दगडावर ठेवला आणि वर घण. बोटांचा चेंदा. हे डाव्या हातानं लिहितोय, अक्षर म्हणजे

६ मार्च
चाचा बरे होऊन आले. सगळं सांगितलं. कमानीचे टेकू काढताना मिस्त्रीनं खाली उभं राहायचं, ही त्यांच्या बापापासूनची चाल. पाय धरले, या वेळी नको.
"बेटा, पडायचीच असंल तं माझ्यावर पडू दे. बाजाराच्या दिवशी भरल्या गाडीखाली नको."
म्हातारा हट्टी आहे. रडलो मी.

८ मार्च
गुत्तेदाराला बाजारात गाठून जोड्यानं तोंड फोडलं. दात पडला. चाचांनीच मला मागं ओढलं. "मारून कमान पक्की व्हनार न्हाई. उद्या टेकू काढायचे, बस." गुत्तेदारानं कमानीवर लाठीवाले बसवलेत, मी फोडीन म्हणून.

९ मार्च, सकाळ
चाचा अंगणात वजूला बसलेत. धुतलेला सदरा काढून ठेवलाय. नमाज होईतो मी पुढे निघतो. घण घेतलाय. टेकूवर नाही, कमानीवरच घालणार. ते पोचायच्या आत पडायला हवी. लाठीवाले डोकं फोडतील, फोडू देत.
एक हात अजून धड आहे.