साध्या पाण्याचा चमचा

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण काल तुझ्याशी बोलावंसं फार वाटलं. शेजारच्या आजोबांना अर्धांगवायू झालाय. त्यांची सून विचारायला आली, पाण्यात पावडर घालून ते घट्ट कसं करायचं. मी दाखवलं, ढवळायचं, जरा थांबायचं, मग चमचा तिरका करून बघायचं. हात आपोआप चालत होते.

आपण तेव्हा काळेवाडीत होतो. कंपनीतल्या पोरांना डबे पुरवणारी तू, आणि एका सकाळी तुझा अर्धा चेहरा ओघळला. गिळण्याची तपासणी करणाऱ्या दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, साधं पाणी घशातून भरकन उतरतं, यांचं गिळणं मंद झालंय, पाणी श्वासनळीत जाईल. म्हणून चहा, वरण, पाणी, सगळं घट्टच द्यायचं. तू पहिला चमचा घेतलास आणि जड जिभेनं म्हणालीस, "हे पाणी नाही, खळ हाय." मी चाखून बघितलं. तोंड ओलं झालं, तहान तशीच राहिली. तरी तुला तेच देत राहिलो.

मग परभणीहून मावशी आली. मी चाकणहून पहिली शिफ्ट संपवून दारात पोचतो, तर आतून तुझा खोकला. मावशीच्या हातात तांब्या, तुझे ओठ काळेनिळे. तुला पुढे वाकवून धरतो, पाठीवर हात ठेवतो, तू खोकतेस, श्वास काही सापडत नाही. अखेर सापडला, पण आवाज घोगरा, जणू घशातच पाणी साचलंय. मावशी रडत म्हणाली, "जीव कोरडा पडला व्हता रे तिचा. घोटभरच दिलं." रात्रीत ताप चढला. न्यूमोनिया. तू वाचलीस, आणि घरी आल्यावर मी माठ उचलून माळ्यावर ठेवला.

तू तोंड फिरवलंस. पेज नको, घट्ट पाणी नको, काहीच नको. लघवी कमी झाली, जीभ सुकली. मी चिडलो, विनवण्या केल्या. तू एवढंच म्हणालीस, "तू पोरगा हायस का पहारेकरी?"

तुला घेऊन पुन्हा त्या बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, तोंड आधी नीट स्वच्छ करायचं, ताठ बसवायचं, जेवणाच्या वेळा सोडून एकेक चमचा साधं पाणी देऊन बघता येईल. धोका जाणार नाही. ठरवायचं यांनी. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर तू तुझा चालता हात वर केला होतास.

त्या दुपारी तुझ्या सुनेनं तुला खांद्याला धरून बसवलं. मी चमचा भरला. तू हनुवटी खाली घेतलीस, गिळलंस. आम्ही थांबलो. खोकला आला नाही. तू म्हणालीस, "अजून."

पुढे जवळजवळ दोन वर्षं तू रोज ते पाणी प्यायलीस, आणि गेलीस ती हृदयविकारानं. हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. तुझी सून सांगते, त्या पहिल्या चमच्याला तू डोळे मिटून हसली होतीस. मला ठाऊक नाही. मी तुझ्या गळ्याकडे बघत होतो.