छाटणीतून सुटलेली

निपाणी, रविवार, १९८५

आक्काच्या मानेत गाठ आहे. बोराएवढी, घट्ट, न दुखणारी. दुपारी तिची वेणी घालताना माझ्या बोटांना लागली. "उष्णतेची असंल," म्हणाली. मी व्हय म्हटलं. का म्हटलं? बेळगावात मी रोगनिदानच शिकते, असल्या गाठींचे काप रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघते.

गेल्याच आठवड्यात सरांनी शिकवलं. रोगाशी लढणारी पांढरी पेशी घडताना स्वतःचाच डीएनए कापते आणि तुकडे नव्यानं जोडते. म्हणून तर प्रत्येकीचं हत्यार वेगळं. जोडणी चुकलेली पेशी बहुतेक तिथंच मरते. पण कधी एखादा तुकडा भलत्याच जागी जुळतो आणि पेशी मरत नाही, वाढतच राहते, गाठ होईपर्यंत. किती हौसेनं वहीत उतरवून घेतलं होतं मी हे!

नंतर आक्का बिडीचं पान कापायला बसली. पानावर पत्र्याचा साचा, हातात कातर, आणि नजर दुसरीकडेच. मला राहवेना.

"कारखान्यात वाईट बिड्या छाटून टाकतात, त्यातनं एखादी सुटती का गं?"

"सुटती की कवातरी. वरनं चांगलीच दिसती ती."

उद्या तिला बेळगावला नेणार. काय सांगून नेऊ? साधी सूजही असेल. बोराएवढीच तर आहे.

"अशी काय बघाय लागलीस गं?" तिनं विचारलं.

वेणी सैल झालीय म्हणाले. सोडली आणि परत घातली. गाठ तिथंच होती.