विहिरीपाशी थांबलेला मुलगा

बाई, माझ्या नातीला सध्या एकाच तऱ्हेच्या कादंबऱ्यांचं वेड लागलं आहे. सगळं जग संपलेलं असतं, एक मुलगी आणि एक मुलगा तेवढे उरतात, आणि मग व्हायचं तेच होतं. परवा मी सहज बोलून गेले, असली गोष्ट मी तुझ्याएवढी असताना पुलगावात बसून लिहिली होती. आधी ती हसली, मग म्हणाली, "शेवट काय केला होतास?" ते उत्तर आधी तुम्हालाच द्यायचं राहिलं आहे, आणि तुम्ही तर कधीच गेलात.

मॅट्रिकच्या आदल्या वर्षी तुम्ही आम्हाला मराठी शिकवायचात. दसऱ्याला नागपूरहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला होतात, आणि वस्तीतली बाई हायस्कुलात शिकवते म्हणून गावात अजून कुजबुज चालायची. तेव्हा पेपरात अणुबॉम्बच्या बातम्या असत आणि गावाशेजारी दारूगोळ्याचं भलंमोठं भांडार, त्यामुळे जगबुडीची सुरुवात आमच्यापासूनच होणार याची मला खात्री होती. गणिताच्या वहीत मागून मी ती लिहून काढत होते. गिरणीचा भोंगा बंद, स्टेशन ओस, आणि नदीकाठाने चाललेले आम्ही दोघं. तो आमच्याच वर्गातला, दाराजवळच्या बाकावरचा, तुमच्या वस्तीतला. वर्षभरात मी त्याच्याशी चार शब्दही बोलले नव्हते, पण तो वर्गात आला नाही की माझा दिवस फुकट जायचा. गणिताच्या आणि निबंधाच्या वहीला एकाच पेपराचं कव्हर घातलेलं, आणि मी वेंधळी; निबंधाची म्हणून तीच वही तुमच्या टेबलावर ठेवून आले.

शाळा सुटल्यावर तुम्ही मला थांबवून घेता. वही तुमच्या हातात आहे. ती दुकानात वडिलांकडे पोचली की माझी शाळा संपली, एवढंच डोक्यात आहे. "एवढी दुनिया मारून टाकली तू, बाप्पा! दोन पोरांची भेट घडवायले?" तुम्ही हसता. मग एका पानावर बोट ठेवता आणि हसू जातं. "हे सांग मले. गावात चिटपाखरू नाई राह्यलं. मग हा पोरगा विहिरीपासून दहा पावलं दूर काऊन उभा आहे? ती येऊन पाणी ओतीन म्हणून वाट पाहून राह्यला. त्याले पाणी काढता येत नाई का?"

मी लिहिलं होतं खरं, आणि लिहिताना काहीच खटकलं नव्हतं. शाळेत तो माठापासून दूर थांबायचा आणि शिपाई वरून त्याच्या ओंजळीत पाणी ओतायचा. रोज पाहिलेलं ते जसंच्या तसं वहीत उतरलं. सगळं जग मारलं, तेवढं एक मारायचं राहून गेलं. तुम्ही पिशवीतून कोरी वही काढून दिलीत. "पुन्हा लिही. त्याले पाणी काढू दे. मंग मले दाखवायले येजो." वडिलांना तुम्ही अवाक्षर सांगितलं नाही.

त्याच उन्हाळ्यात वडिलांनी आर्वीचा मुलगा पाहिला, आणि ऐन दुपारी तुम्ही चालत आमच्या ओसरीवर आलात. वडील म्हणाले, "मॅट्रिक करून काय करते पोरगी?" तुम्ही म्हणालात, "एक वर्ष थांबा, शेटजी. पोरगा कुठी पळून चालला?" मी पाणी आणलं. ओसरीच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असायचा, तुमच्या वस्तीतून कामाला येणाऱ्यांसाठी वेगळा ठेवलेला. पाणी त्यात होतं. तुम्ही कपाकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "तहान नाई मले," म्हणालात, आणि वडिलांकडे वळून पुन्हा बोलायला लागलात. घशाला कोरड पडलेली ऐकू येत होती. तासाभराने वडील हो म्हणाले.

मी मॅट्रिक झाले, पुढे मास्तरीण झाले, जन्मभर पोरांना निबंध लिहायला लावले. जे काही झाले ते त्या एका वर्षामुळे. पण वही घेऊन तुमच्याकडे आले नाही. तो मुलगा पाणी काढतो, तांब्या तिच्यापुढे धरतो, इथवर लिहून झालं होतं. पुढे ती तांब्या घेते, हे मला लिहवेना. कुठल्या तोंडाने लिहिणार होते?

कपाची गोष्ट नातीला सांगितली आहे. आईने तो माझ्या हातात दिला, असं सांगितलं. सगळ्यांना तसंच सांगत आले, आई काही उठून नाही म्हणायला येणार नव्हती. बाई, आईने घरातला पितळी पेला भरून दिला होता. "उन्हातानाच्या आल्या बाई, लवकर ने," म्हणाली होती. ओसरीवर पाऊल टाकण्याआधी मीच कोनाड्यातला कप काढला आणि पाणी त्यात ओतलं. मला कोणी सांगितलं नव्हतं.