वादळाचं काम

२ सप्टेंबर
राज्याचा कागद आला. यंदा किती जण कोर्स पूर्ण करतील, किती जणांना नोकरी लागेल— कॉलेजनं उद्दिष्टं ठरवायची. म्हणजे मी! कॉलेजच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "शंभरातले सत्तर पूर्ण करतील असं लिही. नाहीतर लाइनमनचा वर्ग बंद होईल."

त्या वर्गात निम्मेही टिकत नाहीत. खांबावर नीट चढायला लागले की वीज कंपन्या उचलून नेतात. आमच्या हिशेबी ते गळाले.

५ सप्टेंबर
सत्तर लिहिले.

११ ऑक्टोबर
फ्लोरिडात मोठं चक्रीवादळ. तारा जोडायला माणसं हवीत, म्हणून कंपन्यांच्या गाड्या सरळ इथं आर्कान्सात, आमच्या सरावाच्या खांबांच्या मैदानात. वर्ग शिकवणारा लमार कॉफी घेऊन उभा, गालात हसतोय. "व्हर्ना, तुझे सत्तर निघाले बघ बॅगा भरून."

वर्ग बंद पडला तर याचीही नोकरी जाईल. तरी पोरांना काम मिळालं म्हणून खूश! मला राग आला, आणि थोडा हेवाही वाटला.

१२ ऑक्टोबर
शेल्बी टॅकेटला गाठलं. वर्गातली एकटीच मुलगी, सगळ्यांत चपळ. पदरात तीन वर्षांची लेक. तिलाही बोलावणं होतं, कायमच्या जागेसाठी. मी म्हटलं, प्रमाणपत्र हातात घे, मग जा.

"तुम्ही सांगताय म्हणजे बरोबरच असणार, मॅडम. आमच्या घरात कॉलेजातलं कुणाला काय कळतंय."

राहिली. तिच्या भल्याचं सांगितलं की माझ्या आकड्याच्या?

१३ ऑक्टोबर
आणखी चौघांना तेच सांगितलं. चौघेही गेले. शहाणे!

१४ नोव्हेंबर
लमार बोलणं टाळतो. आज जिन्यात एवढंच म्हणाला, "ती पोरगी रोज विचारते, कंपनीचा फोन आला का. तूच सांग तिला."

कंपनीनं माणसं भरली. नवी भरती पुढच्या वादळाला. दुपारभर मी खिडकीतून आभाळ बघत होते— कुठंतरी वादळ यावं म्हणून! कुठल्या थराला गेले मी.

१२ डिसेंबर
प्रमाणपत्रं वाटली. शेल्बीनं मला घट्ट मिठी मारली. "तुमच्यामुळं झालं, मॅडम." पळून जावंसं वाटत होतं, पण फोटो काढायचा होता.

राजीनामा द्यावा? नवऱ्याचं, रॉयचं डायलिसिस माझ्या नोकरीच्या विम्यावर चालतं. त्याला काय सांगू— माझं मन खातंय, म्हणून तू आता डायलिसिसवाचून राहा? शिवाय माझ्या जागी येईल तो ऐंशी लिहील.

९ जानेवारी
शेल्बीला नोकरी लागली. आमच्याच कॉलेजात, माझ्या हाताखाली. काम एकच: मध्येच सोडून जाऊ पाहणाऱ्यांना समजावून थांबवायचं. अध्यक्षीणबाईंनी तिला कोर्स पूर्ण आणि नोकरी, दोन्ही उद्दिष्टांत धरलंय. आज पहिल्याच दिवशी तिनं दोघांना थांबवलं.