उंदराची अंधारातली वाट

प्रिय आक्का,

परवा फोनवर मी थातूरमातूर उत्तरं दिली, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. 'कामाचा डोंगर आहे' म्हटल्यावर तू म्हणालीस, 'उंदरांसाठी डोंगर पोखरणारी तूच!' मी हसले नाही, म्हणून रुसलीस.

आमच्या प्रयोगाची खोली काळीकुट्ट. कडी आतून, दिव्याचं बटण बाहेर, माझ्या जोडीदारणीच्या हाताशी. काहीच दिसत नसताना उंदीर दाण्यासाठी गोल टेबलावर वेडावाकडा भटकतो आणि दाणा मिळाला की सरळ टेबलाच्या कडेच्या बिळाशी येतो. किती चाललो, कुठे वळलो, हे त्याच्या अंगालाच ठाऊक असतं. पण त्याला कळणार नाही इतकं हळू टेबल फिरवलं, की बिचारा अगदी ठामपणे भलतीकडे जातो. मग थबकतो, कड गाठतो आणि मिशा घासत बीळ शोधतो.

सोमवारी, दोन फेऱ्यांच्या मधे, त्याच्या वासाचा माग पुसायला मी एक जहाल द्रावण घेतलं. दिवा लावून चालत नाही, उंदराला खोली दिसते. कोपर लागलं, बाटली फुटली आणि सगळं तोंडावर उडालं. आग, आक्का, नुसती आग! मी किंचाळत स्वतःभोवती गरगरले. बेसिन उजवीकडे, याची मला पक्की खात्री. धावले तर पिंजऱ्यांच्या मांडणीवर आदळले. बाहेरून जोडीदारीण दार बडवत होती, 'कडी काढ, कडी काढ!' पण आधी पाणी हवं होतं. पुन्हा धावणार, तोच वाटलं, ही खात्रीच खोटी आहे. पाय रोवले. हात लांब केले. भिंत लागली. ती सोडायची नाही, एवढंच ठरवलं आणि घासत घासत निघाले. थंडगार नळ हाताला लागला, तसं तोंड त्याखाली धरलं.

किती वेळ पाणी मारलं, देव जाणे. मग ओरडले, 'अगं, दिवा तरी लाव!'

दाराबाहेरून ती हळूच म्हणाली, 'मघाशीच लावलाय गं.'

पुढच्या गुरुवारी पट्टी सुटणार आहे. डाव्या डोळ्याची आशा नाही; उजव्याबद्दल डॉक्टर बोलत नाहीत. हे अक्षर तिचं आहे. मी सांगतेय, ती लिहितेय, मधेच नाक ओढतेय. फोनवर तुझा आवाज ऐकून मला हे सांगता आलं नसतं. आईला इतक्यात कळू देऊ नकोस. तू मात्र ये. पट्टी सुटताना समोर तू हवीस. आणि समोरचं काही दिसलंच नाही, तर शेजारी तरी हवीस.

तुझीच,
धाकटी