फेरेन्त्स बोदोर यांच्या आवाजाची व्यवस्था

लिहून ठेवणार श्रीमती सरला फेरेन्त्स बोदोर, माहेरची सरला दत्तात्रय पटवर्धन, वय एकेचाळीस, नोकरी रसायनशाळेत, राहणार श्वाबिंग, म्युनिक. माझे डोके ठिकाणावर आहे. हात कापतो तो औषधाने. मला कोणी भरीस घातलेले नाही, उलट ज्याने त्याने अडवलेच आहे. इथल्या कायद्याला मृत्युपत्र स्वहस्ते लिहिलेले असले की पुरते, म्हणून मराठीत लिहिते. डॉक्टर पुढच्या उन्हाळ्याविषयी बोलायचे टाळतात. मीही विचारायचे सोडून दिले आहे.

१. माझ्या पाटल्या आणि दोन्ही पैठण्या पुण्याला शुभावहिनीकडे जाव्यात. मी हंगेरीतून पळून आलेल्या नटाशी लग्न करते आहे म्हटल्यावर घरच्यांनी पत्रे बंद केली. वहिनीने मात्र विचारले, "ते जेवायला काय खातात?" तेवढ्यावर मी कित्येक वर्षे काढली.

२. कपाटावरची मिशांची पेटी श्यामकांत सहस्रबुद्धे यांना द्यावी. ते इथे पीएच. डी. करतात आणि गणपतीत मराठी मुलांचे नाटक बसवतात. पेटीत मिशा, दाढ्या, तीन नाके आणि एक टक्कल आहे. ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, त्यावर रशियन कर्नल केला, फ्रेंच वेटर केला, तुर्की व्यापारी, इंग्रज लॉर्ड, आणि पाद्री तर इतके, की खालची बेकरीवाली ह्यांना बघून नकळत क्रूसाची खूण करायची. नायक कधीच नाही. गोंदाने ओठ भाजतो, आधी कोल्डक्रीम लावावे.

३. ज्या दिग्दर्शकाने ह्यांना महाराजा केले त्यांना माझ्याकडून काही नाही. त्या दिवशी मी स्टुडिओत जाऊन फेटा माझ्या हाताने बांधला होता. त्यांनी तो सोडवला, टाचण्या लावून भलतेच काहीतरी उभे केले आणि मला म्हणाले, "फ्राउ बोदोर, तुमचा फेटा भारतीय वाटत नाही." नाव लिहून त्यांना मोठे करत नाही.

४. आता मुख्य गोष्ट. ह्यांचा आवाज बारीक होता, थोडा किनरा, आणि जर्मन बोलताना प्रत्येक शब्द पहिल्या अक्षरावर आपटायचा. असला आवाज कर्नलला चालत नाही. म्हणून चित्रीकरण संपले की स्टुडिओ ह्यांचा आवाज काढून टाकी आणि हेर, म्हणजे श्रीयुत, ओटो हागेडोर्न यांचा भरी. प्रत्येक चित्रपटात तेच. पहिला पाहून हे हसत घरी आले आणि म्हणाले, "सरला, तो माणूस माझ्यापेक्षा चांगला आहे." पुढे पुढे हसले नाहीत. घरी मोठ्याने पाठांतर करायचे थांबले. जे टिकणार नाही त्यावर मेहनत कशाला, म्हणून ओठ बिनचूक हलवायचे आणि सगळा जीव हातांत आणि पाठीत ओतायचा. ह्यांची पाठ बघावी. ती तरी ह्यांचीच आहे.

स्वतःच्या आवाजात हे एकदाच बोलले. टेलिव्हिजनच्या नाटकात निर्वासित घड्याळजी झाले होते, तिथे असलाच आवाज हवा होता. आमच्याकडे संच नव्हता, शेजारणीकडे बसून पाहिले. यशवंत तान्हा, मांडीवर झोपलेला. नाटक थेट दाखवले, टिपून काही ठेवले नाही. नंतर चौकशी केली तेव्हा तसेच सांगितले. घरी टेपरेकॉर्डर घ्यावा असे आम्ही दरवर्षी म्हणायचो. आवाज काय, घरातच आहे, असे वाटायचे.

हे बासष्ट साली सेटवरच गेले. यशवंत चार वर्षांचा होता.

५. यशवंत, दाखल्यावर इश्तवान, माझा एकुलता मुलगा. त्याला माझे मराठी सगळे कळते, उत्तर जर्मनमध्ये देतो. रविवारी दुपारी बापाचा चित्रपट लागला की संचापुढून हलत नाही. सात वर्षांचा असताना एकदा दारावर हेर हागेडोर्न आले. ह्यांचा एक फोटो द्यायला आले होते. "गुटन टाग फ्राउ बोदोर, अवेळी तर नाही ना आलो?" एवढेच म्हणाले. आतून यशवंत पेन्सिलीसकट धावत आला आणि थबकला.

"पापा?" म्हणाला.

हेर हागेडोर्न त्यानंतर एक शब्द बोलले नाहीत. चहा प्यायले, मानेने हो-नाही केले, टोपी घेऊन गेले. माणूस वाईट नाही हे मला तेव्हा कळले. कळल्याने राग गेला असे नाही.

त्या रात्री मी यशवंतला ह्यांच्या आवाजाची नक्कल करून दाखवली. हे मला हाक मारायचे तशी, "सा"वर जोर देऊन. तो हसला. आईला तो जर्मन रीतीने मामा म्हणतो. "नाइन, मामा. पापा असे नव्हते बोलत." मी मोरीत जाऊन रडले. माझा नवरा तेव्हा दुसऱ्यांदा गेला.

६. यशवंतचे पालकत्व. माझा भाऊ भास्करदादा आजारपण कळल्यापासून पुन्हा लिहितो, "पोर परक्याच्या दारात ठेवू नकोस, इकडे पाठव." दादाचे घर चांगले आहे, तो त्याला पोटच्या पोरासारखा वाढवील. पण पुण्यात यशवंतला भाषा नाही आणि ज्याला तो बाप समजतो तो आवाजही नाही. दोन्ही एकदम काढून घ्यायचे माझ्याने होत नाही. हागेडोर्न पतिपत्नींना मूल नाही. त्या भेटीपासून ते दर रविवारी येतात, आणि हेर हागेडोर्न आता हळूहळू बोलतातही. म्हणून पालक म्हणून मी त्यांनाच नेमते. दादा, मला माफ कर. ह्यांचे होते नव्हते ते सगळे त्या माणसाकडे गेले, पोरही जाते आहे, आणि ते मी माझ्या हाताने देते आहे.

अट एकच. यशवंतच्या दर वाढदिवसाला हेर हागेडोर्न यांनी त्याला समोर बसवून सांगावे, की "चित्रपटातला आवाज माझा आहे. तुझ्या वडिलांचा बारीक होता, किनरा होता, आणि तुझ्या आईला फार आवडायचा." माझ्यामागे हे सांगायला दुसरे कोणी उरत नाही. यशवंतला हेही पापाच सांगताहेत असे वाटेल, हे मला ठाऊक आहे. तरी सांगावे.

वरील मजकूर मीच लिहिला, मीच वाचून पाहिला, त्यात खाडाखोड नाही.

सही: सरला बोदोर

साक्षीदार इथल्या कायद्याला लागत नाहीत, आमच्या रीतीला लागतात:
१. श्यामकांत सहस्रबुद्धे
२. सुरेखा श्रीपाद दांडेकर

म्युनिक, ता. ९ नोव्हेंबर १९६७